चतुराबाईचं सुतक

चतुराबाईच्या सरणाची लाकडं मी दोनदा फोडली. पहिल्यांदा फोडली तेव्हा ती चांगली धडधाकट होती. लोकांच्या रानात खुरपायला जात होती.

माघ महिना होता. सकाळीच ती माझ्या दारात आली.

"मुंजा, मपल्या बांधावरची बाभळ पाडायची हाय. ये."

"कशाला पायजे, माय? औताला का आढ्याला?"

"जळायला."

"चुलीला एवढी बाभळ?"

"चुलीला न्हाई. मला."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करीत नव्हती. कामाचं सांगायला आली होती, कामाचं सांगून उभी राहिली.

ताडकळसला तेव्हा लाकूड फोडायचं काम माझ्याकडे होतं. झाड पाडायचं, ओंडके करायचे, घण आणि पाचर घेऊन फोडायचे. बाभूळ ओली असतानाच फोडावी. वाळली की ती पाचर गिळते, आणि माणसाचा खांदा जातो. साल काढून टाकावी, नाहीतर भुंगा लागतो. रचताना खाली दगड घालावेत आणि लाकडं आडवी-उभी रचावीत, म्हणजे वारा आतून फिरतो. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला किती लागंल? मी तर वाळकी."

"वाळक्या माणसाला जास्त लागतंय, माय. अंगात चरबी नसली की सगळं लाकडालाच जळावं लागतं."

ती हसली. "मंग सगळीच बाभळ घे. मागं ठिवून कोनाला देऊ?"

चतुराबाई आणि तिचा नवरा सटवाजी आमच्या गावचे नव्हते. गोदावरीच्या पलीकडून आले होते. सटवाजी व्यंकटराव पाटलांकडे सालगडी होता. मरेपर्यंत त्याने तेच केलं, आणि पाटलांनी त्याला ओढ्याकडेचा शेताचा एक पट्टा आणि गावाच्या कडेला घरापुरती जागा दिली. दोन लेकरं झाली, दोन्ही गेली. गावात त्यांच्या जातीची घरं पुष्कळ होती, पण भाऊकीचं एकही नव्हतं. कोणी आजारी पडलं तर शेजार येतो. मेलं तर भाऊकी लागते.

सटवाजी गेला तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी. पाऊस लागून राहिला होता. प्रत्येक घराने रीतीप्रमाणे एकेक लाकूड दिलं, पण सगळं ओलं. राकेल ओतलं, तरी धूरच जास्त झाला. मी तेव्हा जवान होतो, ढकलायला आणि उलटायला मलाच पुढे केलं. त्या दिवशी काय पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. चतुराबाई मसणात आली नव्हती, बाया येत नाहीत. पण गावात असं काही झाकून राहत नाही.

तरी तिला लागलं ते दुसरंच होतं. आम्ही खांदा दिला, घरी गेलो, अंघोळ केली आणि सुटलो. दुसऱ्या दिवशी सण. पोरी झोके बांधून गाणी म्हणत होत्या. घरोघर पुरणाचे दिंड उकडत होते. भाऊकी असती तर एखादी गल्ली तरी थांबली असती. दहा घरांत गोड झालं नसतं, देवळात कोणी गेलं नसतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं असतं की इथे कोण गेलं. सटवाजीचं सुतक त्याच्या बायकोने एकटीने धरलं. भाकरी कोणाच्या घरून यायची? पहिल्या दिवशी शेजारणीने दिली. नंतर तिची तिनेच केली.

"मुंजा," बाभळीवर पहिला घाव घातला तेव्हा ती म्हणाली, "मानूस गेलं मनून कुठं तरी काही तरी थांबावं का न्हाई? बैल मेला तर एक दिवस औत थांबतंय."

मी कुऱ्हाड चालवीत राहिलो. 

लाकडं तिच्या घराच्या बाजूला रचली. वरून पाचट घातलं, पाचटावर दगड ठेवले. बाकीचं तिने स्वतः जमवलं. पांढरं कापड आणून पेटीत ठेवलं. तिरडीला दोन बांबू आढ्याला टांगले. मडकं कणगीमागे पालथं घातलं. तोंडात घालायला सोन्याचा एक मणी होता, तो पदराच्या गाठीत बांधलेला असायचा. सगळं झाल्यावर तिने मला आत नेऊन काय कुठे आहे ते दाखवलं. नवीन जागी कामाला गेल्यावर मुकादम हत्यारं दाखवतो तसं.

गावाला हे आवडलं नाही. दारात सरण घेऊन बसली, अशी बोलणी सुरू झाली. विस्तव मागायला येणाऱ्या बाया दुसऱ्या घरी जाऊ लागल्या. गरोदर सुना तर त्या बाजूने जाईनात. मी एकदा तिला म्हणालो की लाकडं शेतात नेऊन ठेवू.

"शेतात चोरी जातेल."

"सरणाची लाकडं कोन चोरतंय?"

"लाकडाच्या अंगावर लिवलंय का?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तशी बी कोन येत होतं?"

त्या लाकडांना पुढे तीन-चार उन्हाळे मिळाले. बाभूळ अशी वाळली होती की लाकडावर लाकूड आपटलं तर घंटेसारखा आवाज यायचा.

जर्मनीची दुसरी मोठी लढाई चालू होती त्या काळातली गोष्ट. भादव्यात झड लागली. सूर्य दिसेना. गोठ्यातल्या गोवऱ्यासुद्धा दमट झाल्या. त्या झडीत दिनकररावांचे वडील गेले. दिनकरराव म्हणजे मधल्या आळीतले शेतकरी. दोन बैलांची शेती, घरात बायको कडूबाई आणि अंबिका नावाची लहान मुलगी. चतुराबाईच्याच जातीचे, पण नातं काही नाही.

मला लाकडासाठी बोलावलं. मी त्यांच्या अंगणातलं कडुलिंबाचं खोड पाहिलं, दोन घाव घातले, आत पाणी. गावात कोरडं लाकूड कुठे आहे ते मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ओसरीवर भाऊकीची माणसं बसली होती, एकही जण नाव घेत नव्हता. शेवटी दिनकरराव पोतं डोक्यावर घेऊन स्वतः निघाले. मला म्हणाले, "चल." उचलायला माणूस लागणार होता.

चतुराबाई दारात बसली होती. तिला कळलं होतं.

"बाई," दिनकरराव म्हणाले, "बापाला ओल्या लाकडात घालवत न्हाई. तुमी द्या. दिवाळी झाली की दुप्पट लाकूड आनून टाकतो."

"टाकतोस? मी जित्ती असताना मपल्या दारात सरनाची लाकडं टाकशील? गाव तुला काय मनंल?"

दिनकरराव थांबले. आमच्याकडे सरणाला दिलेलं लाकूड कोणी परत करीत नाही. परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या मरणाची वाट पाहणं. चांगला माणूस असेल तर तो मुळीच परत करणार नाही.

"मंग काय देऊ?"

"सुतक धर मपलं."

"आँ?"

"मी मेले की तुपल्या घरानं दहा दिवस सुतक धरायचं. अग्नी तू द्यायचा. भाऊकीतली चुलती मेली आसं समज. लाकडाला लाकूड नको मला."

"बाई, सुतक मागून मिळतंय का?"

"ते मला म्हाईत न्हाई. बाप घरात पडलाय, तू मपल्या दारात हाईस. तू हो मन, न्हाईतर न्हाई मन. लाकडं तुला कसं बी देते. मढं अडवून ठिवनारी मी न्हाई."

पाऊस पडतच होता. दिनकररावांच्या डोक्यावरच्या पोत्यातून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "धरीन." मग म्हणाले, "घरी चला, बापाच्या समोर बोलतो."

ती गेली. त्यांनी बापाच्या छातीवर हात ठेवून चार माणसांत तेच सांगितलं. लाकडं मी गाडीत भरली, वरून ताडपत्री घातली. सरण पेटलं ते एका काडीत पेटलं. पावसातही जाळ उभा राहिला. धूर जवळजवळ नव्हता.

गावाने तिला मढ्यावर सौदा करणारी म्हटलं. हो म्हण, नाही म्हण, लाकडं कसंही देते असं ती म्हणाली होती, ते कोणी सांगितलं नाही. ते ऐकायला मी आणि दिनकरराव दोघेच होतो. मी सांगितलं तर लोक म्हणाले, तुला काय कळतंय.

शब्द दिनकररावांनी दिला होता, पण पाळायला तिने सुरुवात केली. भाऊकी म्हणजे दोन्हीकडून. दिनकररावांच्या बापाचं सुतक तिने धरलं. डोक्याला तेल नाही, देवळाची पायरी नाही, जमिनीवर निजायचं. तिच्या घरात दुसरं माणूस नव्हतं, शिवायला कोणी येत नव्हतं, तरी ती कोणी पुढून आलं की बाजूला सरायची आणि म्हणायची, "शिवू नको, सुतक हाय." इतक्या वर्षांत आपल्याला कोणाचं तरी सुतक आहे हे सांगताना तिचा आवाज वेगळाच यायचा.

पुढे कडूबाईला पाठोपाठ दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा चतुराबाईने जन्माचं सोयर धरलं. आळीतल्या बाया हसायच्या. एकदा पाणवठ्यावर कडूबाईच म्हणाली, "काकू, बाळंत मी झाले, आन् बाजूला तुमी बसता. काय मनावं?"

"तू तुपलं काम केलंस, मी मपलं करायले," चतुराबाई म्हणाली.

पोरं तिला आजी म्हणायची, कारण आईने तसं म्हणायला सांगितलं होतं. सणाला त्यांच्या घरून ताट यायचं. ताट ठेवून पोरगं पळून जायचं. बसत कोणी नव्हतं.

दुसऱ्यांदा तिने ओढ्याकडचा खैर पाडायला लावला. खैर बाभळीपेक्षा चिवट. एक ओंडका फोडायला अर्धी सकाळ जायची, दोन वेळा घणाचा दांडा मोडला. ती समोर बसून राहायची. काम संपलं तेव्हा मी म्हणालो, "माय, ही लाकडं आता कोनाला देऊ नको."

"आता कोनाला द्यायची गरज न्हाई," ती म्हणाली. "मपलं सगळं झालंय."

त्यानंतर मी चुडाव्याला गेलो. स्टेशनाजवळ एका ठेकेदाराची लाकडाची वखार होती, तिथे बारा महिने काम मिळायचं. बायको नर्मदाही तिथेच आली. ताडकळसला येणंजाणं कमी झालं. आलो की चतुराबाईला भेटायचो. लाकडं वरखाली करून द्यायचो, खालची वर आणि वरची खाली. ती भाकरी करायची. निघताना विचारायची, "परत कवा?"

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. दिवस वाईट होते. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या. ज्यांच्या घरात उपवर मुली होत्या त्यांना झोप नव्हती. दिनकररावांनी अंबिकेचं लग्न झरीच्या एका घरात ठरवलं. वैशाखातला मुहूर्त धरला. झरीची माणसं लग्न लावून सगळं घर घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात, सरकणार होती. मुहूर्त टळला तर ती थांबणार नव्हती, आणि सोयरीक तुटली असती.

लग्नाचं लाकूड फोडायला दिनकररावांनी मला चुडाव्याहून बोलावलं. मी ठेकेदाराची बैलगाडी घेऊन आलो. अंगणात काम सुरू केलं. कडूबाई पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मुंजाभाऊ, काकूचं बरं न्हाई. अन्न सुटलंय."

संध्याकाळी कडूबाईबरोबर मी गेलो. तिने वाटीत ज्वारीच्या कण्या नेल्या होत्या. चतुराबाई बाजेवर होती. अंग उरलं नव्हतं, डोळे मात्र जागे होते. कडूबाईने तिचे पाय चेपायला घेतले.

"आज कसं वाटायलंय, काकू?"

"लग्नापस्तोर ऱ्हाते का जाते, ते बगायला आलीस?"

"तसं न्हाई, काकू."

"तसंच हाय. आन् ते बरोबर बी हाय. तुपल्या जागी मी असते तर दिवसातून दोनदा आले असते."

कडूबाईचे हात पायावर तसेच राहिले. मग ती परत चेपू लागली. कण्या दोन घास गेल्या.

म्हातारी लग्नाआधी गेली तर घराला दहा दिवसांचं सुतक. सुतकात लग्न लागत नाही. हे तिथे बसलेल्या तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लग्नाचं उरलेलं लाकूड पहाटेच फोडून मी तिची लाकडं पाहायला गेलो होतो, तेव्हा दिनकरराव आले. बाजेजवळ उकिडवे बसले. डोक्यावरचं पागोटं त्यांनी सारखं केलं, परत सारखं केलं.

"काकू, जोशीबुवांना इचारून आलो."

"काय मनले?"

"मनले, रक्ताचं नसलं तर सुतक लागत न्हाई. शब्दानं सुतक होत नसतंय. शास्त्रात न्हाई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

"बिनघोर कोनी ऱ्हावं?"

दिनकररावांनी पागोट्याला परत हात लावला.

"मंग तुपल्या बापाचं मी धरलं ते?"

"ते तुमी तुमच्या मनानं धरलं, आसं मनायले."

"आन् दोन पोरांचं सोयर?"

"ते बी."

ती वर आढ्याकडे पाहत राहिली. मी बाहेर लाकडाजवळ उभा होतो. मला निघून जायला पाहिजे होतं, पण पाऊल वाजलं असतं. जाळायला लाकूड तिच्याकडे होतं, ते जोशीबुवा नेऊ शकत नव्हते. पण दुसऱ्या कोणाचं सुतक पाळत तिने जी वर्षं काढली होती, ती एका वाक्यात गेली. ती परत एकटी झाली. मला वाटतं, सटवाजी गेला त्या दिवशी होती त्याहून जास्त.

"दिनकर," ती म्हणाली, "जोशाला मन, लागतंय."

"मला मान्य हाय, काकू. मी बोललो ते न्हाई मनत न्हाई. तुमी गेल्या तर मी धरीन. लगीन मोडलं तरी धरीन. पन पोरीचं तोंड दिसतंय, मनून जोशाकडं गेलो. काही वाट निघते का बगायला." त्यांची मान खाली होती. "वाट निघाली, तर ती बी चांगली लागंना."

 कुठे तरी मंडपाच्या मेढींसाठी खड्डे खोदल्याचा आवाज येत होता. पहार दगडावर लागत होती.

"जा," ती म्हणाली. "मेढी तिरप्या रोवायलेत ते लोक. आवाजावरून कळतंय. जाऊन बग."

ते गेले. तिने मला हाक मारली.

"तुपली गाडी रिकामी जायली का माघारी?"

"रिकामी."

"भर."

मला समजायला वेळ लागला. ती म्हणाली, "इथं मेले तर घटकेत गावाला कळतंय. तुपल्याकडं मेले तर तू सांगशील तव्हा कळंल. कानावर आल्याबिगर सुतक लागत न्हाई, हे तरी जोशाला मान्य हाय. भर लाकडं. पेटीतलं कापड घे, मडकं घे. बांबू बाहेर निघतेल, ते दोरीनं बांध."

मी लाकडं भरली. खैर जड, बैलांना ओझं झालं, पण निम्मं ठेवून जा असं ती ऐकली नसती. मधे खळगा ठेवला, त्यात पाचट घातलं, वर गोधडी घातली. तिला उचललं तेव्हा मी भाराचा अंदाज चुकलो. ओंडका समजून जोर लावला होता, आणि हातात काहीच आलं नाही.

वेशीजवळ पारावर माणसं बसली होती. एकाने विचारलं, "मुंजा, लग्नाची लाकडं कुठं न्यायलास?"

वरून ती बोलली, "लग्नाची न्हाईत. मपली हायेत."

"कुठं निघाली, म्हातारे?"

"माहेरला."

माणसं हसली. तिला माहेर नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

सूर्य माथ्यावर आला तसं बैल थांबवत, पाणी दाखवत गेलो. नदीला पाणी घोट्याएवढं होतं, चाकं वाळूत रुतली. मी खांदा लावला. ती वरून म्हणाली, "मला उतरव, ओझं कमी होईल."

"तुपलं ओझं धरायला लागलो तर झालं, माय."

वाटेत तिने सगळं सांगून ठेवलं. लग्न लागेपर्यंत ताडकळसला कोणाला कळू द्यायचं नाही. लग्न लागलं, वरात गेली, की मग थांबायचं नाही. "दहाच्या आत कळलं तर उरलेले दिवस धरावं लागतात. जेवढे उरतेल तेवढे. तू उगं दिवस वाया घालू नको."

"आन् मधी कोनी इचारायला आलं तर?"

"कोनी येनार न्हाई."

"अग्नी कोन देईल? दिनकरराव तर तिकडं."

"तू दे."

"मी परजातीचा."

"आग कोनी बी लावली तर मानूस जळतंय," ती म्हणाली. "सुतक कोनी बी धरलं तर चालत न्हाई."

चुडाव्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नर्मदेने बाजेवर अंथरूण घातलं. चतुराबाई एक दिवस होती. दूध दोन वेळा घेतलं. गाड्यांच्या शिट्ट्या झाल्या की विचारायची, ही कुठं चालली. पुण्याला, हैदराबादला, मला माहीत होतं ते मी सांगायचो. त्यानंतरच्या सकाळी ती गेली. नर्मदा जवळ होती. मी वखारीत होतो.

नर्मदेने तिला न्हाऊ घातलं. पदराची गाठ सोडून मणी तोंडात ठेवला. स्टेशनावरचे दोन हमाल आणि शेजारचा एक कुंभार, त्यांना मी सांगितलं की एक म्हातारी आहे, कोणी नाही. त्यांनी हातातलं काम तसंच खाली ठेवलं आणि आले. ओढ्याकाठी नेलं. सरण मी रचलं. जाड लाकूड खाली, हवेला जागा ठेवून, छातीवर सर्वांत वजनदार. एका काडीत पेटलं. मी शेवटपर्यंत उभा राहिलो. परत ढकलायची, उलटायची वेळ आली नाही. काम जसं व्हायला पाहिजे तसं झालं.

मग आम्ही अंघोळी केल्या. हमाल कामावर गेले. दुसऱ्या दिवशी मीही वखारीत गेलो. आमच्या घरात चूल पेटली, पेटणारच. आमची जात वेगळी, आमचं काही थांबायचं नव्हतं. ते दिवस असे गेले की चतुराबाई मेली होती आणि तिचं सुतक कुठेच नव्हतं. तिकडे हळद लागत होती, मांडव सजत होता. घणाचा घाव घालताना ते माझ्या डोक्यात यायचं, आणि घाव चुकायचा.

विचारायला कोणी आलं नाही. ताडकळसची माणसं रेल्वेसाठी स्टेशनावर यायची, पण आमच्या दारात कोणी आलं नाही. दिनकररावांनीही माणूस पाठवला नाही. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडता निघालो. गाडी नव्हती, पायी गेलो. ऊन होतं. ताडकळसला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वऱ्हाड सकाळीच नवरी घेऊन गेलं होतं. मांडव उभा होता. आंब्याची पानं उन्हाने वळली होती. खाली पाहुणे आडवे झाले होते, पोरं बुंदी खात होती.

कडूबाईने मला पाहिलं. तिने अंबिकेचं नाव काढलं, लग्नाला यायला पाहिजे होतं असं म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत घरात वळली. चुडाव्याचं तिने काही विचारलं नाही. मी मांडवाच्या बाहेरच उभा राहिलो. मरणाचा निरोप घेऊन आत जाणं बरोबर नव्हतं.

दिनकरराव बाहेर आले. मी कुठे उभा आहे ते त्यांनी पाहिलं.

"कवा?"

"लग्नाच्या आधी." वार सांगितला. दहातले निम्मे दिवस गेले होते.

"आधी कामून न्हाई आलास?"

"येऊ नको मनली."

"अग्नी?"

"मी दिला. खैर चांगला जळाला."

मांडवात त्यांचा मेहुणा, बन्सीधर, उठून बसला होता. तो म्हणाला, "दिनकरराव, जोशीबुवांनी तर सांगितलंय. लागत न्हाई मनले. अंघोळ करा आन् मोकळे व्हा. पाहुने हायेत घरात."

 एवढ्यात कडूबाई बाहेर आली. एका हातात पितळीत बुंदी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. माझ्यासाठी आणलं होतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून थांबली.

दिनकररावांनी लग्नाचं पागोटं डोक्यावरून उतरवलं. झटकलं नाही, घडी केली नाही. तसंच जमिनीवर ठेवलं आणि जवळ खाली बसले.

"चुलती गेली," ते म्हणाले.

बन्सीधर काही बोलणार होता. जमिनीवरचं पागोटं पाहून तो उठला आणि मांडवाबाहेर गेला. थोड्या वेळाने पाहुणे एकेक करून आपापली गाठोडी शोधू लागले. एका बाईने पोराच्या हातातली बुंदी काढून घेतली, पोरगं रडायला लागलं.

कडूबाई अजून माझ्यासमोर उभी होती. मी पहाटेपासून चाललो होतो, घसा कोरडा पडला होता, आणि तांब्या हाताच्या अंतरावर होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पितळी आणि तांब्या घेऊन ती मागे फिरली. सुतकाच्या घरचं पाणी परका पीत नाही, आणि घरचे ते त्याला देत नाहीत. आतून चुलीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

मला कोणी बस म्हटलं नाही. मी तिथून निघालो. गल्लीतून जाताना पाहिलं, दिनकररावांच्या भाऊकीतल्या दोन घरांतून माणसं दारात आली होती आणि आपसात विचारत होती, कोण गेलं.

गावाबाहेरच्या विहिरीवर मी पोटभर पाणी प्यालो.